देव उजवीकडेच असतो का?

आजचं चिंतन गीतेच्या १३व्या अध्यायावर. ईश्वर सगळ्यांत सारखाच आहे हे ज्याला दिसतं, त्याची नजर खरी.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. सुमारे २० किलोमीटर; रान, माळ, भातखाचरं. डोंगर सतत उजव्या हाताला. आणि डावीकडे? कुणाचं तरी कोवळं भात. चिखल नि गर्दी टाळायला आपण खाचरात उतरलो, रोपं तुडवली, तर पुण्य कसलं? तिथे देव नाही का?

फेरी कुशावर्तावर सुरू होते, तिथेच संपते. नवीन कुठे पोचायचंच नसतं, मग घाई कशाला? कसं चाललो, एवढंच हाती उरतं. यंदा जाणार असाल तर एवढं करूया: पाय चिखलात माखू देत, पायवाट सोडायची नाही.