बारीक तार

इन्व्हर्टरवर पंखे, दिवे, फ्रिज चालू आहेत. त्याच्या पडद्यावर आकडा आहे १२.० व्होल्ट. त्याच वेळी मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवला, तर तो १२.२ दाखवतो. दोहोंपैकी एकाला खोटं ठरवायची घाई होते. पण दोन्ही खरे असू शकतात. ज्याने त्याने आपल्या जागेवरून दिसलं तेवढं सांगितलं.

मधले ०.२ व्होल्ट वाटेत गेले. तार, तिच्या टोकाचा लग, फ्यूज, नट यांनी थोडे थोडे घेतले. या सगळ्या वाटेचा रोध समजा ५ मिलिओहम आहे. साध्या मल्टिमीटरला तो धड मोजताही येणार नाही. मात्र त्यातून ४० अँपिअर वाहू लागले, की ओहमच्या नियमाने ०.२ व्होल्ट गळतात आणि ८ वॉट नुसत्या उष्णतेत जातात. भार काढून घेतला की दोन्हीकडचा आकडा पुन्हा जुळतो. रोध तिथेच असतो, फक्त दिसेनासा होतो. सैल नट, टर्मिनलवर साचलेली पूड, नीट न दाबलेला लग, यांतलं काहीच ओझ्याशिवाय बोलत नाही. या गोष्टीपाशी मी नेहमी थांबतो.

०.२ म्हणजे तरी किती? शिसे-आम्ल बॅटरी विश्रांतीत पूर्ण भरलेली असेल तर साधारण १२.७ दाखवते, आणि निम्मी उरली की १२.२. तिचा अर्धा साठा अर्ध्या व्होल्टात मावतो. अशा ठिकाणी वाटेतली गळती बॅटरीच्या माथी मारली, तर तो तिच्यावर अन्यायच.

चार्जिंगला हेच उलटं होतं. सोलरचा कंट्रोलर आपल्या टोकाला १४.४ पाहतो आणि हात आखडता घेतो. बॅटरीपर्यंत १४.२च पोचलेले असतात. ती रोज थोडी उपाशी राहते. महिनोन्‌महिने असं चाललं, की प्लेटांवरचं सल्फेट घट्ट होत जातं.

म्हणून काही कंट्रोलरना जाड तारांच्या जोडीला आणखी दोन बारीक तारा असतात, थेट टर्मिनलपर्यंत नेलेल्या. मोजण्याची ही पद्धत लॉर्ड केल्विनच्या नावाने ओळखली जाते. बारीक तारेतून प्रवाह जवळजवळ जातच नाही, म्हणून तिच्यात काही गळतही नाही. वीज जाड तारेने आणावी, विचारपूस बारीक तारेने करावी.

आणि टर्मिनलवरचा आकडा तरी कोणत्या वेळचा? भाराखाली बॅटरी आतूनच थोडी खचलेली असते. नुकतं चार्जिंग थांबलं असेल तर उगाच फुगलेली. भार आणि चार्जर दोन्ही तोडून तिला काही तास तसंच राहू द्यावं, आणि मग मीटर लावावा.