सामाईक सांभाळ

घटस्फोटाचा अर्ज वकिलावाचून पतिपत्नींना स्वतः चालविता येतो, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांच्या कानांवर गेलेली असली तरी तिच्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. कारण काळा डगला घातलेला मध्यस्थ बरोबर असल्याखेरीज न्यायालयाची पायरी चढावयाची नाही, हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने आपल्या मनात मुरलेला आहे. वास्तविक १९८४ च्या ज्या अधिनियमान्वये १९८९ साली पुण्यास व मुंबईस कुटुंब न्यायालये सुरू झाली, त्याने वकील देणे हा पक्षकाराचा हक्क म्हणून ठेवलेलाच नाही. न्यायालयाने अनुज्ञा दिली तर वकील, एरवी ज्याचे गाऱ्हाणे त्याने स्वमुखाने सांगावे. जेथे असे न्यायालय नाही तेथे अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे जातो, आणि तेथेही आपली बाजू आपण मांडण्यास कोणाची आडकाठी नसते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली घातलेल्या ‘१३-ब’ कलमाप्रमाणे एक वर्ष विभक्त राहिलेल्या दांपत्याने एकत्र अर्ज करावा, सहा महिन्यांनंतर व अठरा महिन्यांच्या आत पुन्हा हजर होऊन संमती कायम असल्याचे सांगावे आणि हुकूमनामा घ्यावा, इतका हा मार्ग सरळ आहे. मधले सहा महिने योग्य प्रकरणी माफ करता येतात, असा निर्वाळाही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिलेला आहे.

हा सरळ मार्ग मुलापाशी येऊन वाकडा होतो. पतिपत्नींनी आपल्या हाताने लिहिलेल्या संमतीच्या अटींत सदनिका, तिच्यावरील कर्ज, स्त्रीधनातील पाटल्या आणि तोडे, फार काय, वॉशिंग मशीन कोणी न्यावयाचे याचाही तपशील असतो. मुलासाठी मात्र एकच वाक्य खर्ची पडते : ‘अज्ञान मुलाचा ताबा आईकडे राहील व वडिलांना वाजवी भेटीची मुभा राहील.’ वाजवी म्हणजे महिन्यातून किती वेळा, कोठे, किती तास, आजीआजोबांसह की त्यांच्यावाचून, मूल तापाने फणफणले असता ती भेट बुडाली की पुढे ढकलली गेली, या प्रश्नांचा निर्णय पुढे अशा दोन माणसांनी करावयाचा असतो की ज्यांचे न पटणे हेच त्या कागदाचे मूळ कारण आहे.

याच्या उलट टोकाची चूक पनवेलकराच्या हातून होण्याचा संभव अधिक. १९७० नंतर नवी मुंबई या नव्या शहरासाठी येथल्या जमिनी संपादित झाल्या, मागाहून त्यांच्या मोबदल्यात साडेबारा टक्के योजनेतील भूखंड आले, आणि त्यांच्या पायी घरोघर वारसांच्या याद्या, हक्कसोडपत्रे व हिश्श्यांचे हिशेब इतके झाले की, कोणतीही वस्तू गुंठ्यागुंठ्याने समान कशी पाडावी, यात हा तालुका वाकबगार झाला. तीच मोजणीची साखळी लोक मुलावर टाकतात : आठवड्याचे साडेतीन दिवस तुझे, साडेतीन माझे. या वाटणीने आईला न्याय मिळतो आणि बापालाही मिळतो. तिसऱ्या पक्षकाराला, ज्याची सही त्या कागदावर नसते, दर बुधवारी दुपारी दप्तर घेऊन घर बदलावे लागते.

सामाईक सांभाळाची कल्पना मला मान्य आहे. तिचे दिवसांच्या समानतेशी लावलेले लग्न मान्य नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली एका प्रकरणात मुलाने वर्षातील सहा महिने आईकडे व सहा महिने वडिलांकडे राहावे असा आदेश दिला, आणि २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात करावी अशी शिफारस केली. त्या दोहोंमागील हेतू, म्हणजे घटस्फोट पतिपत्नींचा होतो, बापलेकांचा किंवा मायलेकांचा होत नाही, हा निर्विवाद आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असे म्हटले आहे, आणि सर्व नियमांच्या वर मुलाचे हित ठेवले आहे. ते हित मी असे समजतो : राहते घर व शाळा एक असावी, आणि सामाईक असावयाचे ते निर्णय, खर्च व सुट्ट्या.

समजा, आई मुलीसह नवीन पनवेलमध्ये राहते व बापाची नोकरी चिंचवडला आहे. शाळा पनवेलची ठरली की सोमवार ते शुक्रवार हा प्रश्न मिटतो. एकाआड एक शनिवारी सकाळी दहा वाजता बापाने मुलीला आईच्या इमारतीच्या फाटकापाशी घ्यावे आणि रविवारी संध्याकाळी सहाला तेथेच आणून सोडावे; द्रुतगती मार्गावर घाटात वाहतूक तुंबली तर फोन करावा, आणि एक तासाच्या विलंबावरून कोणी अर्जफाटे करू नयेत. हे सारे लिहावे. मधल्या दिवसांत रात्री आठ वाजता दहा मिनिटे व्हिडिओ कॉल, हेही लिहावे. वेगळ्या गावी राहणाऱ्या पालकाला रोज असा संपर्क मिळावा, ही अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली व्यक्त केलेली आहे.

सणांच्या बाबतीत तर आमची मंडळी विलक्षण निष्काळजी आढळतात. ज्या लोकांनी लग्नाचा मुहूर्त पंचांग चाळून घटिकापळांनिशी काढला, तेच घटस्फोटाच्या अटींत ‘ऑक्टोबरातील सुट्टी वडिलांकडे’ असे लिहून मोकळे होतात. मग अधिक मास येतो, दिवाळी नोव्हेंबरात जाते आणि करार लंगडा पडतो. गणेशचतुर्थी २०२५ साली २७ ऑगस्टला होती, २०२६ साली १४ सप्टेंबरला. म्हणून सण तिथीने लिहावे : बापाच्या रोह्याच्या घरी पाच दिवसांचा गणपती असेल तर ते पाच दिवस त्याच्याकडे, लक्ष्मीपूजन एका वर्षी येथे, एका वर्षी तेथे, मे महिन्याची सुट्टी निम्मी. भावंडे दोन असतील तर ती एकमेकांपासून तोडू नयेत, भाऊबीज तरी एका पाटावर व्हावी. मुंज करावयाची की नाही आणि केल्यास यजमान कोण, हा प्रश्नही आताच सोडवावा. आठ वर्षांनी तो दोन्हीकडच्या आत्या व मावश्या सोडवू लागतील.

निर्णयांची कलमे थोडी पण बिनचूक असावीत. शाळा बदलणे, शस्त्रक्रिया आणि पारपत्र या तिन्हींस दोघांची लेखी संमती लागेल. शाळा सोडल्याचा दाखला एकट्याच्या अर्जावर काढावयाचा नाही. प्रगतिपुस्तक दोघांनाही मिळावे.

पैशाविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मला काही नको, फक्त मूल द्या’ असे पाणावल्या डोळ्यांनी म्हणणारी आई स्वतःची पोटगी सोडू शकते. मुलाच्या निर्वाहाचा हक्क तिच्या मालकीचा नसल्यामुळे तो तिला सोडता येत नाही, आणि ज्या कागदावर तो सोडलेला असतो त्याच्याकडे न्यायाधीश साशंकतेने पाहतात ते यथार्थ आहे. रक्कम ठरवून तीत दरसालची वाढही लिहावी, कारण पहिलीची फी दहावीला पुरत नाही.

येथवर जे लिहिले ते दोन समबल माणसांसाठी. जेथे मारहाण झाली आहे, धाक आहे, किंवा एकाच्या मुठीत सारा पैसा आहे, तेथे ‘आपण आपसांत मिटवू’ ही भाषा बलिष्ठाच्याच सोयीची असते, आणि तेथे स्वावलंबनाचा हट्ट धरू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो; तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली मुलाचा तात्पुरता ताबाही मिळू शकतो.

उभयतांनी सह्या केल्या म्हणून न्यायालय डोळे मिटून शिक्का मारील असे नाही. मूल जाणते असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या दालनात बोलावून दोन गोष्टी विचारतील, आणि अट त्याच्या हिताची न वाटल्यास ती बदलावयास लावतील. हुकूमनाम्यानंतरही विवाह कायद्याच्या सव्विसाव्या कलमाखाली ताब्याच्या अटी बदलून मागता येतात. मुलांविषयीचे असे आदेश स्वभावतःच कायमचे नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगितले आहे. त्यामुळे शेवटच्या कलमात एवढे असावे की, मुलगी पाचवीत गेल्यावर व पुन्हा आठवीत गेल्यावर दोघांनी एकत्र बसून वेळापत्रक नव्याने ठरवावे, त्यात तिचे म्हणणे विचारात घ्यावे, एकमत झाल्यास तशी पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, सह्यांनिशी न्यायालयात द्यावी, आणि न झाल्यास अर्ज करण्यापूर्वी एक महिना समुपदेशकाकडे जावे.