सोलणाऱ्याचा वाटा

उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणारे लोक परसातल्या झाडाखाली किंवा कोठाराच्या तुळईखाली एक साधी यंत्रणा उभारतात, आणि हिंसेचा दोष कोणाचा व किती, हा जुना धर्मशास्त्रीय प्रश्न तिथे नव्याने उभा राहतो. हरणाच्या मागच्या पायांत, हाड आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट बंध, यांच्यामधल्या पातळ कातडीला छेद देऊन त्यांत आडव्या दांडीची टोके अडकवतात व ती दांडी कप्प्यांतून ओवलेल्या दोराने वर ओढतात. भार दोराच्या ४ पदरांवर विभागला, तर घर्षण सोडता ६० किलोंचे धूड १५ किलोंच्या ओढीने उचलले जाते. टांगलेल्या देहाला चहूकडून हवा लागून तो लवकर थंड होतो, आणि अंगात ऊब असतानाच कातडे मांड्यांकडून मानेकडे ओढले, की ते सहज सुटत जाते. एरवी दोघातिघांना जड जाणारे काम त्यामुळे एकटा माणूस उरकतो. नैतिक विचाराच्या दृष्टीने हे एकटेपणच महत्त्वाचे आहे.

मनुस्मृतीच्या ५व्या अध्यायात घातक कोणाला म्हणावे हे सांगताना अनुमती देणारा, मारणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा यांच्या जोडीला ‘विशसिता’, म्हणजे मृत पशूचे अवयव वेगळे करणारा, हाही गणला आहे. (मांसभक्षणात दोष नाही, असेही हाच अध्याय पुढे म्हणतो.) या गणनेत दोषाची वाटणी नाही, प्रत्येक जण पुरता घातक आहे. आधुनिक कत्तलखान्याचा गृहीत समज नेमका उलटा असतो: काम जितक्या हातांत विभागावे, तितका प्रत्येकाचा दोष विरळ होतो. परंतु कप्पीमुळे ओढ चौथाई झाली, तरी १ मीटर उचलायला ४ मीटर दोर ओढावाच लागतो. श्रमाची बेरीज घटत नाही.

अमेरिकेत रानटी हरणाचे मांस विकण्यास सर्वसाधारणपणे बंदी असल्याने मनूच्या गणनेतील विकणारा व घेणारा येथे गळतात, आणि बाकीच्या बहुतेक भूमिका शिकाऱ्याकडेच येतात. बाजारातून मांस आणणाऱ्यापेक्षा तो प्रामाणिक आहे, हे मान्य करावे लागते. मात्र कृत्य उघड्या डोळ्यांनी केल्याने ते समर्थनीय ठरत नाही. शिकारी मारण्यासाठी शिकार करत नाही, शिकार घडावी म्हणून मारतो, हा स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत याचा युक्तिवादही कप्पीखाली लंगडा पडतो, कारण तिथे शिकार संपलेली असते आणि उरलेले असते ते मांसासाठीचे श्रम.

महाभारताच्या वनपर्वातील मिथिलेचा धर्मव्याध मृग-महिषांचे मांस विकतो, पण आपण स्वतः मारत नाही व खातही नाही, असे कौशिक ब्राह्मणाला सांगतो. मनूच्या निकषावर एवढ्याने त्याची सुटका होत नाही. त्याचा अधिक गंभीर मुद्दा नांगराचा आहे: शेतीतही जमिनीतले असंख्य जीव मरतात, तेव्हा पूर्ण अहिंसक कोणीच नाही. शिकाऱ्याला हा आधार मोहक वाटेल, पण फाळाखाली न दिसता मेलेला जीव आणि नेम धरून निवडलेला जीव यांत हेतूचे अंतर आहे, आणि ते धर्मव्याधाच्या युक्तिवादाने भरून निघत नाही.