हुकूम आणि ताकद

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावात ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची असते, त्या आठवड्यात घरातला कोणीतरी एकजण अर्धवट झोपेतच असतो. लाईट आली की विहिरीवर जायचे, स्टार्टरचे हिरवे बटण दाबायचे आणि उसात दारे धरायला उतरायचे. नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडचा हा मुलूख. आवर्तन लांबले की सगळी भिस्त विहिरीवर आणि मोटरीवर.

आज त्या बटणापाशी थोडा वेळ बसू या. समोर ब्रेडबोर्ड, आर्डुइनो, एक पिवळी बीओ मोटर, एल२९३डी ही चिप आणि चार पेन्सिल सेल असतील तर उत्तम. नसतील तरी हे मनन होईल. अट एकच, सावकाश वाचा. एखादी गोष्ट पटली नाही तर तिथेच रेंगाळा. पुढचे वाक्य कुठे पळून जात नाही.

आधी बोटाचा विचार करा. पाच एचपीची मोटर म्हणजे जवळपास पावणेचार किलोवॅट. एवढी वीज त्या बटणातून जात असेल का? नाही. बटणातून जातो तो थोडासा करंट, आणि तोही स्टार्टरमधल्या एका कॉईलसाठी. कॉईल चुंबक होते, लोखंड ओढते, तीन पॉइंट एकदम जुळतात आणि मग थ्री फेज मोटरीपर्यंत पोहोचते. बोट काढले तरी मोटर बंद पडत नाही, कारण कॉईल आपल्याच एका जादा पॉइंटमधून स्वतःला धरून ठेवते. लाईट गेली की कॉईल सुटते. लाईट परत आली तरी ती आपण होऊन लागत नाही, म्हणून कोणाला तरी पुन्हा विहिरीवर जावे लागते. ऑटो स्विच लोक बसवतात तो एवढ्यासाठीच.

म्हणजे पेटीत दोन वेगळ्या वाटा आहेत. एक हुकमाची, एक ताकदीची. दोन्ही एका पेटीत नांदतात, पण हुकमाच्या वाटेवर ताकदीचे ओझे पडत नाही. एवढेच मनात ठेवून जरा वेळ थांबा.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी या दोन वाटांमधले अंतर आणखी वाढवले. त्यांच्या आजोबांना उतारवयात पंप चालू-बंद करायला शेतापर्यंत पायपीट करावी लागत असे. ते डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र घडवले. स्टार्टरला जोडलेल्या या यंत्राला मोबाईलवरून सांगायचे, की मोटर चालू किंवा बंद होते. २००९ साली नोकियाच्या नवकल्पनांच्या स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. फोनने विहिरीतले पाणी ओढायला एक वॅटही दिला नाही, फक्त निरोप दिला. पण या यंत्राची खरी गंमत दुसरीच आहे. शेतात लाईट आहे की नाही, हे घरबसल्या कळते. निरोप जातो तसा परतही येतो. हा परतीचा निरोप लक्षात असू द्या, आपण त्याच्याकडे पुन्हा वळणार आहोत.

आता टेबलाकडे या. आर्डुइनो उनोचा एक पिन हातात आहे असे समजा. त्यावर पाच व्होल्ट येतात आणि जातात. तो सुखाने वीस मिलिअँप देतो. चाळीस ही त्याची शेवटची हद्द, तिच्यापलीकडे त्याच्या जिवाची हमी नाही. छोटी मोटर मोकळी फिरतानाच याहून कितीतरी जास्त मागते, आणि सुरू होण्याच्या क्षणी किंवा चाक अडकल्यावर त्याच्याही अनेक पट. मोटर थेट पिनला लावली तर बोर्ड झटका खाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, नाहीतर पिन कायमचा जातो. पिनच्या हातात हुकूम आहे, ताकद नाही. यात त्याला कमीपणा कसला? बटणालाही नव्हता.

मध्ये बसवायची ती ड्रायव्हर चिप. एल२९३डी बोटांत धरा. एका टोकाला अर्धचंद्राची खाच आहे. खाच वर धरली की डाव्या रांगेतला सर्वांत वरचा पाय पहिला. तिथून खाली उतरत आठपर्यंत, मग उजवीकडून वर चढत सोळापर्यंत मोजा. दुसऱ्या आणि सातव्या पायावर हुकूम येतो, तिसऱ्या आणि सहाव्यावरून मोटरीला वीज जाते. सोळावा पाय चिपच्या स्वतःच्या पाच व्होल्टचा, आठवा मोटरीच्या बॅटरीचा. पहिला पाय परवानगीचा, तो खाली असेल तर बाकीचे हुकूम वाया. हुकमाच्या पायाला लागतो एका मिलिअँपचाही छोटासा अंश. मोटरीच्या बाजूला ही चिप एका वाटेवर सलग सहाशे मिलिअँप देते, आणि क्षणभर एक पूर्णांक दोन अँपही सोसते.

मधले चार पाय राहिले : चार, पाच, बारा आणि तेरा. हे चारही ग्राउंडचे. एकाने भागले असते, मग चार कशाला? उत्तर थोड्या वेळाने आपोआप हाताला लागेल.

आता दिशेचा विचार करा. नवी मोटर बसवल्यावर पंप उलटा फिरला तर वायरमन काय करतो, हे शेळगावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तीनपैकी दोन फेज आपसात बदलल्या की मोटर सुलटी. बॅटरीवरच्या मोटरीला दोनच तारा, त्या बदलल्या की ती उलटी फिरते. पण दर वेळी तारा कोण काढत बसणार? म्हणून मोटरीच्या दोन्ही टोकांना एक वरचा आणि एक खालचा असे चार स्विच बसवतात. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा लागला की मोटर एका बाजूला फिरते. उरलेली जोडी लागली की दुसऱ्या बाजूला. कागदावर काढले तर हे चित्र इंग्रजी एच अक्षरासारखे दिसते, म्हणून याला एच-ब्रिज म्हणतात.

चित्राकडे पाहत राहा. यात एक धोका दडला आहे. एकाच बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही स्विच एकदम लागले तर वीज मोटरीकडे जाणारच नाही, बॅटरी सरळ शॉर्ट होईल. एल२९३डीमध्ये प्रत्येक बाजूला हुकमाचा पाय एकच आहे. तो वर असला की वरचा स्विच लागतो, खाली असला की खालचा. दोन्ही एकदम लावा, असा हुकूम देण्याची सोयच ठेवलेली नाही. चुकीचा हुकूम ओळखून नाकारण्यापेक्षा तो देताच येणार नाही अशी रचना करणे अधिक शहाणपणाचे. घरात, संस्थेत, ग्रामपंचायतीतही याचा पडताळा घेता येईल.

मोटर थांबवायचेही दोन प्रकार आहेत. परवानगीचा पाय खाली केला की मोटर सुटते आणि हळूहळू आपल्या जडपणाने थांबते. परवानगी तशीच ठेवून हुकमाचे दोन्ही पाय सारखे केले, दोन्ही वर किंवा दोन्ही खाली, तर ती चटकन थांबते. असे का, हे हातालाच विचारा. मोटर सगळीकडून सोडवा आणि चाक हलक्या हाताने फिरवून पाहा. मग तिची दोन टोके एका तारेने एकमेकांना जोडा आणि पुन्हा फिरवा. चाक जड झालेले जाणवेल. बॅटरी नाही, चिप नाही, तरीही कोणीतरी उलट ओढते आहे. फिरणारी मोटर स्वतःच वीज तयार करते आणि टोके जुळली की ती वीज फिरण्याला विरोध करते. फॅरेडेने १८३१ साली चुंबकाच्या हालचालीतून वीज मिळवून दाखवली आणि १८३४ मध्ये लेन्झने त्या विरोधाचा नियम मांडला. तो नियम आता तुमच्या दोन बोटांत आहे. हा प्रयोग दोन-चारदा करा, नुसता वाचून सोडू नका.

याच विरोधाचे एक तापट रूप आहे. कॉईलमधून वाहणारा करंट एकाएकी तोडला तर तो तुटायला तयार नसतो. वाट मिळेपर्यंत व्होल्टेज चढत जाते. स्टार्टर बंद होताना पॉइंटमध्ये उडणारी ठिणगी तुम्ही पाहिली असेल. काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासून घ्यावे लागतात, ते याच ठिणग्यांमुळे. लोखंडी पेटी हे सोसते, चिप सोसत नाही. म्हणून मोटरीच्या प्रत्येक तारेला डायोड लावतात, एक वरच्या बाजूला आणि एक खालच्या. सुटलेल्या करंटला त्यातून परतीची वाट मिळते. एल२९३डीमध्ये हे डायोड आतच असतात. थोरली एल२९८ चिप दोन अँपपर्यंत जाते, पण तिच्यात डायोड नाहीत, ते बाहेरून लावावे लागतात. जे थांबवायचे आहे, त्याच्या उरलेल्या जोराची सोय आधी करून ठेवायची, एवढाच याचा अर्थ.

आता चाक अलगद बोटाने अडवा, अगदी क्षणभर. मोटर गुणगुणते, फिरत नाही. व्होल्टेज पडले की विहिरीवरची मोटरही अशीच नुसती घुमते आणि वायंडिंग तापते. बोट काढा आणि ते चिपच्या पाठीवर हलकेच टेकवा. ऊब लागेल. सहाशे मिलिअँपला ही चिप वरच्या स्विचमध्ये साधारण एक पूर्णांक चार आणि खालच्यात एक पूर्णांक दोन व्होल्ट स्वतःच खाते. चार सेलच्या सहा व्होल्टमधले मोटरीला उरतात साडेतीनच्या आसपास, बाकीची उष्णता होते. ती उष्णता बाहेर काढायला ते मधले चार पाय आहेत. बोर्डवरच्या तांब्याला ते जोडले की तांबे चिपला थंड ठेवते.

टीबी६६१२सारख्या नव्या चिपा मॉसफेटच्या असल्यामुळे फारच कमी खातात, आणि काम करायचे असेल तर त्याच घ्याव्यात. पण शिकायला जुनी एल२९३डीच बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. ताकद कुठून गेली, वाटेत कोणी किती घेतली, हे ती लपवत नाही. बोटाला सांगते.

त्या गरम चिपवरून परतीच्या निरोपाकडे वळू. चाक अडकले, चिप तापली, पण आर्डुइनोला काय कळले? काहीच नाही. त्याच्या लेखी मोटर फिरतेच आहे. हुकूम आणि ताकद वेगळी केल्यामुळे हुकूम देणारा वाचतो, आणि त्याच कारणाने तो बहिराही होतो. एल२९८ला करंट मोजण्यासाठी दोन खास पाय दिलेले आहेत, एल२९३डीला तेही नाहीत. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. मोटर जास्त करंट ओढू लागली की तो कॉईलचीच वाट तोडतो, म्हणजे ताकदीची तक्रार हुकमापर्यंत नेतो. पुढचा काही वेळ एवढ्याच प्रश्नात घालवा : मी ज्यांना कामे सांगतो, त्यांच्याकडची ऊब माझ्यापर्यंत कोणत्या वाटेने येते?

असे प्रश्न हातांनी सोडवायची सोय पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. करत शिकायचे आणि शिकता शिकता गावाचे काम उरकायचे, हा तिथला रिवाज आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली, ती जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. सुट्या चिपा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. गावातले रिवायंडिंगचे दुकान हीसुद्धा शाळाच आहे, तिथे तासभर नुसते बघत बसायला मिळाले तरी पुष्कळ.

शेवटचे मनन ग्राउंडचे. आर्डुइनोला संगणकाची वीज, मोटरीला सेलची. दोन्हीकडच्या तारा नीट लावल्या, प्रोग्रॅम बरोबर आहे, तरी मोटर ढिम्म. किंवा लहर लागेल तशी उडते. अशा वेळी बहुधा एकच तार राहिलेली असते : आर्डुइनोचे ग्राउंड आणि बॅटरीचे ऋण टोक जोडणारी. पिन म्हणतो पाच व्होल्ट, पण कशापासून पाच? व्होल्टेज हे कधीच एकट्या जागेचे नसते, दोन जागांमधला तो फरक असतो. दोघांची मोजायची जमीन वेगळी असेल तर एकाचे पाच दुसऱ्याला पाच वाटत नाहीत. ताकद वेगळी चालते, बॅटरी वेगळी चालते, व्होल्टेजही वेगळे चालते. जमीन मात्र सामाईक लागते. विहिरीवरचे अर्थिंग ही गोष्ट निराळी. ते माणसाचा जीव वाचवण्यासाठी असते, आणि ते नीट आहे की नाही हे वायरमनकडून वेळच्या वेळी तपासून घ्यावे.

थ्री फेजच्या पेटीत हात घालू नका. सगळे प्रयोग सेलच्या सहा व्होल्टवरच करा. आणि तारा लावताना ग्राउंड सर्वांत आधी जोडा, सोडवताना सर्वांत शेवटी सोडवा.