करिकालनाचा खून, गणोजींचा गुन्हा

चेन्नईत शोळिंगनल्लूरला आयटीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचं ‘पोन्नियिन सेल्वन’ या सिनेमाबद्दलचं मत मोठं ऐसपैस असतं. विक्रमचा आदित्य करिकालन झकास, ऐश्वर्याची नंदिनी त्याहून झकास, पहिल्या भागात नावांचा गोंधळ जरा जास्तच. या चोळ राजपुत्राला, करिकालनाला, मारलं कोणी, हे कोडं तो चवीनं चघळतो. नंदिनी हे मूळ कादंबरीत कल्कींनी रचलेलं पात्र, असं तमिळ सहकाऱ्यानं सांगितलं तरी त्याचं काही बिघडत नाही. उडैयारगुडीच्या शिलालेखात रविदासन वगैरे द्रोह्यांची नावं कोरलेली आहेत. तरी नीलकंठ शास्त्रींसारख्या इतिहासकारानं संशय घेतला तो उत्तम चोळावर. हे ऐकून त्याला आणखीच मजा वाटते.

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ आला आणि हाच माणूस थिएटरातून न्यायाधीश होऊन बाहेर पडला. १६८९ मध्ये संगमेश्वरी संभाजीराजे पकडले गेले, त्यांच्या ठावठिकाण्याची खबर कोणी फोडली, याबद्दल आता त्याला तिळमात्र शंका नव्हती. पडद्यावर पाहिलं होतं ना! गणोजी शिर्के, येसूबाईंचे भाऊ, शिवाजी महाराजांचे जावई. शिर्के घराण्यातल्या मंडळींनी हरकत घेतली, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली, आणि सिनेमात आडनाव कुठेच घेतलेलं नाही, असंही सांगितलं. महाराष्ट्रात ते घ्यायची गरज तरी कुठे होती?

सिनेमा बघून रडू आलं तर खुशाल रडावं. शेवटच्या अर्ध्या तासात ज्याचे डोळे कोरडे राहिले, त्याचं मला नवल वाटेल. पण ‘मला रडू आलं’ आणि ‘असंच घडलं’ ही दोन वाक्यं आपण एका दमात बोलून टाकतो. दुसऱ्या वाक्याची किंमत बोलणाऱ्याला मोजावी लागत नाही, ती वर्गात शिर्के आडनाव घेऊन बसलेल्या पोराला मोजावी लागते. चोळांच्या इतिहासात जी शंका आपल्याला हुशारीची वाटते, तीच घरच्या इतिहासात कोणी काढली की फितुरी वाटते.

हे दोन्ही इतिहास एका ठिकाणी भेटतात. चोळ राजा राजराजानं बांधलेल्या तंजावरच्या मोठ्या देवळात १८०३ सालचा एक लांबलचक मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजींनी कोरवून घेतलेला भोसले कुळाचा इतिहास. म्हणजे सांगणारे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या घरातले. ज्यांचा महाराजांशी दौलतीच्या वाटणीवरून तंटा झाला, तेच व्यंकोजी. देऊळ शनिवार-रविवारी जाऊन येण्याजोगं आहे. त्या तमिळ सहकाऱ्याला सोबत न्यावं, जमेल तेवढा शिलालेख वाचून दाखवावा आणि त्याला हव्या तेवढ्या शंका काढू द्याव्यात.