निळा दगड आणि त्याची चिठी

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत. एक चांदूर बाजार, दुसरे आमचे चांदूर रेल्वे. पाकिटावर नुसते 'चांदूर' लिहून कोणी पत्र टाकले, तर ते कोणत्या गावी जाईल याचा भरवसा नाही. लिहिणाऱ्याने खोटे काहीच लिहिलेले नसते. तरी अर्धे नाव लिहिल्यामुळे पत्र ज्याचे त्यास पोहोचत नाही. वस्तूचे नाव व ठिकाण नीट सांगणे हे किरकोळ काम आहे, असे आम्हांस पूर्वी वाटत असे. गेल्या पावसाळ्यात एका निळ्या दगडाने आमचा हा समज दूर केला. त्या निमित्ताने एक प्रश्न आज वाचकांपुढे ठेवितो. जी वस्तू पाहून मनाला निर्मळ आनंद झाला ती खोटी निघाली, तर तो आनंदही खोटा ठरतो काय?

प्रथम हकीकत सांगितली पाहिजे. आमच्या शब्बाथ शाळेच्या खोलीत भिंतीला एक फळी आहे. तिच्यावर मुलांनी जमविलेले दगड मांडलेले असतात. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. विहीर खणताना सुरुंग उडाला, अथवा गिट्टीसाठी धोंडा फोडला, म्हणजे एखादे वेळी आत पोकळी निघते व तीत पांढऱ्या गारा चमकतात. मुले त्या आणतात, धुतात, आणि चिठीवर शेताचे नाव व महिना लिहून फळीवर ठेवितात. फळीवरील सर्व गारा पांढऱ्या, एखाददुसरी फिकट गुलाबी; निळी एकही नव्हती. दोन वर्षांपूर्वी परगावी गेलो असता एका दुकानात आम्ही एका पोकळ दगडाची अर्धी फोड पाहिली. आतील स्फटिक गडद निळे होते. हा रंग नैसर्गिकच आहे, असे दुकानदाराने सांगितले. आम्ही तो दगड विकत घेतला, फळीच्या मधोमध ठेविला आणि चिठीवर सुवाच्य अक्षरांत लिहिले, "नैसर्गिक निळा स्फटिक, पुणे जिल्हा."

आमचा विश्वास अगदीच निराधार होता असे नाही. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाघोली नावाचे गाव आहे. तेथे बांधकामासाठी काळा पाषाण फोडीत असत. त्या खाणींत १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक विलक्षण निळे खनिज हाती लागू लागले. त्याचे नाव कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव बनविले आहे. ते प्रथम अमेरिकेतील ऑरेगन संस्थानात आढळले व १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. परंतु जगभर कीर्ती झाली ती वाघोलीच्या नमुन्यांची. स्टिल्बाइट नावाच्या पांढऱ्या गारांची जणू गादी पसरावी आणि तिच्यावर निळ्या सुयांचे गोल झुबके बसवावे, असा त्याचा थाट असतो. हा निळेपणा व्हॅनेडियम धातूमुळे येतो. त्यास कोणा मनुष्याचा हात लागलेला नसतो.

हे स्फटिक झाले कसे, हेही सांगण्याजोगे आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या दख्खनच्या भूमीवर तप्त लाव्ह्याचे थरावर थर पसरले. ते निवताना आतील वायूचे बुडबुडे तसेच कोंडून राहिले व पाषाणात पोकळ्या झाल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या ऊन पाण्याने विरघळलेली द्रव्ये त्या पोकळ्यांत आणून सोडली, आणि अंधारात, कोणी पाहत नसता, एकेक स्फटिक वाढत गेला. वाघोलीचा पाषाण आणि आमच्या विहिरीचा पाषाण हे एकाच कुळातले. म्हणूनच निळ्या दगडाजवळ उभे राहून आम्ही मुलांना ही कथा सांगत असू, आणि मुले श्वास रोखून ऐकत असत.

आषाढात एके रात्री मोठा पाऊस झाला व खोलीचे पत्र्याचे छप्पर नेमके फळीवर गळले. सकाळी एक मुलगी धावत आली व म्हणाली, "साहेब, दगड तं निळं पाणी सोडून राह्यला!" जाऊन पाहतो तो चिठी निळी, फळी निळी, आणि भिंतीवर निळा ओघळ. ओल्या फडक्याने आम्ही दगड पुसला. खालून पांढऱ्या गारा निघाल्या. आपल्या शेतांत निघतात तशाच.

पांढरे खनिज रंगात बुडवून विकण्याची चाल बाजारात आहे, हे आम्हांस मागाहून कळले. दगड रंगविण्याची विद्या जुनी आहे; जर्मनीत ईडार-ओबरश्टाइन या गावी १९व्या शतकापासून अकीक रंगविण्याचा धंदा चालत आला आहे. दुसरीही एक युक्ती आहे. मोरचूद ऊन पाण्यात विरघळवून ते पाणी शांत ठेविले, म्हणजे काही दिवसांत सुंदर निळे स्फटिक धरतात. मोरचूद खनिजरूपाने निसर्गातही सापडते, परंतु पाण्यात विरघळत असल्यामुळे ते कोरड्या मुलखातच टिकते. घरी वाढविलेले मोरचूद खाणीतले म्हणून खपविणारेही लोक आहेत.

आता आमच्यापुढे पेच पडला. मंडळीतील वडील माणसांत दोन मते झाली. एक वडील म्हणाले, "खोटी वस्तू ती, आजच नाल्यात टाका." दुसरे म्हणाले, "दगड पुसून पुन्हा ठेवा आणि गप्प राहा. तो आपणांस कोठे विकायचा आहे? मुलांना आनंद झाला, सृष्टीविषयी आदर वाटला, कोणाचे एक पैशाचे नुकसान झाले नाही. दगड रंगविलेला असेल, पण त्यामुळे मनात उठलेला भाव तर खरा होता ना?" हे दुसरे म्हणणे हलके नव्हे. त्याचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. पुढे पुष्कळ दिवस विचार केल्यावर जे सुचले ते येथे मांडतो.

आनंदाचे दोन प्रकार आहेत. गूळ खाऊन जो आनंद होतो तो जिभेचा. गूळ कोणत्या गावचा हे न कळले तरी तो कमी होत नाही. निळ्या रंगाने डोळ्यांना झालेले सुख या जातीचे होते, आणि ते खोटे नव्हते. रंगाऱ्याचा निळा रंगही निळाच असतो. परंतु मुलांचे विस्मयाने उघडे राहिलेले तोंड हा दुसरा प्रकार होय. विस्मय कशाविषयी तरी असतो. त्या वेळी मुले नुसता रंग पाहत नव्हती. कोट्यवधी वर्षांचा अंधार, ते झिरपणारे पाणी, कोणी न पाहता उमललेला तो निळा झुबका, हे सर्व ती मनात पाहत होती. त्या दगडात यातले निळेपण कधी घडलेच नव्हते. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या पत्रातील माया खरी असते, पण ते पत्र ज्याचे त्यास मिळालेले नसते. आमच्या मुलांचा विस्मय असाच भलत्या पत्त्यावर गेला होता. तो तेथेच राहू द्यावा म्हणणे, म्हणजे मुलाच्या भावनेपेक्षा आपल्या सोयीला अधिक मान देणे होय.

मग पहिल्या वडिलांचे म्हणणे खरे काय? दगड फेकून द्यावा काय? आम्हांस तसेही वाटत नाही. दगड खोटे बोलला नाही. त्याच्या आतील पांढऱ्या गारा अस्सल आहेत. रंगही आपल्या ठिकाणी काही पाप नव्हे. आपले संत्र्याचे बागाईतदार मोरचूद व चुना मिळवून बोर्डो मिश्रण करितात व झाडांना लावितात. त्या निळ्या बुंध्यांकडे पाहून ते फसवीत आहेत असे कोणी म्हणत नाही, कारण ते त्यास झाडाचा रंग म्हणत नाहीत. तेव्हा खोटेपणा निळ्या रंगात नसून चिठीवरील 'नैसर्गिक' या शब्दात होता. दोष वस्तूचा नसून वचनाचा होता.

येथवर विचार आला तेव्हा आम्हांस अधिक बोचणारी गोष्ट दिसली. दुकानदाराने रंग नैसर्गिक आहे एवढेच सांगितले होते. 'पुणे जिल्हा' असे तो बोलला नव्हता. ते शब्द आम्ही आपल्या पदरचे घातले होते. वाघोलीच्या निळ्या खनिजाविषयी वाचले होते, तसेच आपल्या फळीवर असावे अशी इच्छा होती, आणि इच्छेने हात धरून चिठी लिहविली. दुकानदार कदाचित स्वतःही फसला असेल; आम्हांस मात्र ती सबब नाही.

कोणी म्हणेल, चूक कोणाची होत नाही? वाघोलीसच पेंटागोनाइट नावाचे दुसरे निळे खनिज सापडते. त्याची घटकद्रव्ये कॅव्हनसाइटचीच, केवळ आतील रचना निराळी. त्यामुळे जाणकारही कधी कधी एकास दुसऱ्याचे नाव देतात. ईयोबाच्या ग्रंथात २८व्या अध्यायी खाणीतील निळ्या रत्नाचा उल्लेख आहे. इंग्रजी भाषांतरकारांनी त्यास नीलम म्हटले. परंतु ते अफगाणिस्तानातून येणारे लाजवर्द असावे, असे अनेक पंडितांचे मत आहे, कारण लाजवर्दात सोन्यासारखे कण चमकतात. अशा चुका प्रामाणिक होत. प्रामाणिक चूक करणारा मनुष्य पुरावा पुढे येताच नाव बदलण्यास तयार असतो. लबाडाला आणि अभिमानी मनुष्याला जुनी चिठी प्रिय असते. चूक कळल्यावर जो गप्प राहतो, त्याची चूक त्या क्षणापासून असत्य होते.

याच वेळी संग्रहाविषयी आणखी एक विचार मनात आला. नाशिक जिल्ह्यात सिन्नर येथे 'गारगोटी' नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे. देशोदेशीच्या संग्रहांतही आपल्या पाषाणातील स्फटिक काचेआड मांडलेले असतात. चांगला संग्राहक नमुन्यासोबत त्याचे ठिकाण जपतो. ठिकाण हरवलेल्या नमुन्याची किंमत जाणते लोक कमी करितात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या हातांनी छिन्नी व घण धरून तो दगड फोडला, निळा झुबका दिसताच घण थांबविला, त्या मजुराचे नाव चिठीवर क्वचितच असते. नाव न लिहिणे म्हणजे खोटे लिहिणे नव्हे. तथापि नुसते 'चांदूर' लिहिलेल्या पाकिटासारखे ते अपुरे असते. आपल्या मंडळ्यांतील कित्येकांच्या वाडवडिलांनी दगड फोडून पोट भरले आहे. त्यांना हे अपुरेपण विशेष सांगावे लागू नये.

पुढच्या रविवारी आम्ही मुलांना एकत्र बसवून सर्व हकीकत सांगितली. 'पुणे जिल्हा' हे शब्द आमचेच होते, हेही सांगितले. मग नवी चिठी लिहिली: "पांढरा स्फटिक, माणसाने निळा रंगविलेला. ठिकाण माहीत नाही. पाळकाने बाजारातून आणिला." दगड मधोमध होता तो एका कडेला ठेविला.

यामुळे सर्व काही गोड झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्याच दिवशी मुलांनी तांब्या आणून फळीवरील प्रत्येक गार भिजवून पाहिली. शेतातून स्वतः काढलेल्या गारासुद्धा सोडल्या नाहीत. एका मुलाने विचारले, "मंग ते ६ कोटी वर्षांचं खरं हाये का?" हा प्रश्न आम्हांस लागला. एका खोट्या शब्दाने त्याच्याजवळ बसलेल्या दहा खऱ्या शब्दांवर पाणी पडते, हे त्या दिवशी आम्ही शिकलो. आम्ही त्याला म्हणालो, "ते खरे आहे, पण आमच्या सांगण्यावर थांबू नकोस. विद्वानांनी ते कसे शोधिले हे आपण मिळून वाचू." आता दर पंधरा दिवसांनी आम्ही तसे वाचतो.

दुसऱ्या मताचे ते वडील अजूनही म्हणतात की, मुलांचा आनंद उगाच कमी झाला. निळ्या दगडाभोवती आता पूर्वीसारखी गर्दी होत नाही, हे खरे आहे. परंतु चिठ्या लिहिताना मुले हल्ली एकमेकांस विचारतात, "हे तू पाहिलं का, का कोणी सांगितलं?" आणि गेल्या महिन्यात आलेल्या एका पांढऱ्या गारेच्या चिठीवर शेताच्या नावाखाली, ज्याने विहिरीत उतरून ती काढली त्या मनुष्याचे नाव आम्ही प्रथमच पाहिले. तसे लिहा म्हणून आम्ही कोणास सांगितले नव्हते.