उत्सर्ग की उसनवारी?

2001 साली मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी एका मुलाखतीत लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीला कॅन्सर म्हटलं होतं. त्याच मायक्रोसॉफ्टने डिसेंबर 2019मध्ये आपलं ‘टीम्स’ लिनक्स डेस्कटॉपसाठी आणलं. कंपनीच्या ऑफिस परिवारातलं लिनक्सवर उतरलेलं हे पहिलंच अ‍ॅप. तीन वर्षांनी, डिसेंबर 2022मध्ये, ते गुंडाळलं गेलं आणि ब्राउझरमधून काम भागवा, असं लिनक्सवाल्यांना सांगण्यात आलं.

अशा वेळी चर्चा हमखास हेतूवर घसरते. कंपनीचं मन खरंच पालटलं होतं, की हा निव्वळ धंदा होता? हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने दिलेलं दान तिथे राजस ठरतं. इमॅन्युएल कांटने 1785मध्ये असाच पेच एका दुकानदाराच्या उदाहरणाने मांडला. गिऱ्हाईक टिकावं म्हणून जो कुणालाही लुबाडत नाही, त्याचं वागणं योग्य असलं तरी कांटच्या लेखी त्याला नैतिक मोल नाही.

या कसोटीवर जवळपास प्रत्येक कंपनी नापास होते. व्हॉल्व्हचंच पाहा. संगणकावरचे खेळ विकणारं ‘स्टीम’ हे दुकान तिचं. 2012मध्ये तिचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी विंडोज 8 ही पीसीच्या दुनियेतल्या सगळ्यांवर ओढवलेली आपत्ती असल्याचं सांगितलं, कारण त्या विंडोजबरोबर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान येत होतं. पुढच्याच वर्षी स्टीम लिनक्सवर आलं. 2018मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं ‘प्रोटॉन’ आलं आणि 2022मध्ये लिनक्सवर चालणारं ‘स्टीम डेक’ हे हातातलं यंत्र. यातला स्वार्थ कुणी लपवलेला नाही. पण प्रोटॉनचा पाया असलेलं ‘वाइन’ 1993पासून स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभं राहिलं, आणि व्हॉल्व्हने पैसे मोजून करवून घेतलेल्या कित्येक सुधारणा पुन्हा त्याच वाइनमध्ये गेल्या. स्टीमवर कधी एक रुपयाही न खर्चणाऱ्याला त्या तितक्याच उपयोगी पडतात.

धर्मशास्त्राकडे आणखी एक कसोटी आहे, आणि ती मनात डोकावत नाही, मालकी बघते. दात्याचं स्वत्व संपून घेणाऱ्याचं स्वत्व निर्माण झालं, तरच ते दान. विहीर किंवा तळं लोकांना अर्पण करण्याचा विधी मात्र वेगळा, तो उत्सर्ग. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा फरक नेमका नोंदवला आहे. दान दिलेली वस्तू दात्याला पुन्हा वापरता येत नाही. उत्सर्गात मालकी सुटते, पण ती कुणा एकाकडे न जाता सर्वांसाठी सुटते. म्हणून बहुतेक शास्त्रकारांच्या मते तळं बांधणाराही लोकांपैकीच एक होऊन तिथलं पाणी भरू शकतो. त्याला तहान होती की पुण्याची हाव, याने पाणी भरणाऱ्याच्या हक्कात फरक पडत नाही.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि 1989मध्ये कोड वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा देणारा जीपीएल हा परवाना आणला, तेव्हा त्यांच्यापुढे ना काणे होते ना उत्सर्गविधी. पण रचना चकित करण्याइतकी जवळची आहे. कॉपीराइट कागदोपत्री लेखकाकडेच राहतो, हा फरक खरा. मात्र अटी पाळल्या जात आहेत तोवर दिलेली मुभा काढून घेता येत नाही. 2007च्या तिसऱ्या आवृत्तीत तर ते स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे.

याचा कस मालक बदलला की लागतो. सन मायक्रोसिस्टिम्सने 1999मध्ये स्टारडिव्हिजन ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि पुढच्या वर्षी तिच्या ऑफिस सॉफ्टवेअरचा कोड ओपनऑफिस या नावाने खुला केला. मायक्रोसॉफ्टला शह द्यायचा होता, हे उघड होतं. 2010मध्ये सनच ओरॅकलच्या पोटात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बरेच विकसक बाहेर पडले, त्यांनी डॉक्युमेंट फाउंडेशन उभारलं आणि तोच कोड लिब्रेऑफिस नावाने पुढे नेला. ओरॅकलकडे नाव उरलं, कोड अडवता आला नाही. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024मध्ये सुमारे 30,000 सरकारी संगणकांसाठी हेच लिब्रेऑफिस निवडलं.

याउलट अडोबीने 2012मध्ये फ्लॅश प्लेअरची लिनक्स आवृत्ती 11.2वर थांबवली, तेव्हा क्रोम सोडून इतर ब्राउझर वापरणाऱ्यांच्या हाती सुरक्षेच्या दुरुस्त्यांपलीकडे काही उरलं नाही. कोड बंद होता. टीम्सचंही तेच. हे दान नव्हतं, उत्सर्ग तर नव्हताच. ती उसनवारी होती, आणि उसनं देणारा ते कधीही परत मागू शकतो.

मराठी वाचणाऱ्यांचाही या हिशेबात वाटा आहे. लिनक्सवर देवनागरी वाचण्याची सोय वर्षानुवर्षं ज्या ‘लोहित’ फॉन्टनी केली, ते मूळचे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. रेड हॅट या लिनक्स कंपनीने ते जीपीएलखाली खुले केले आणि 2011मध्ये फॉन्टसाठीच घडवलेल्या मुक्त परवान्याखाली आणले. रेड हॅटला भारतात बाजार हवा असेलही. अक्षरं मात्र सगळ्यांची झाली.

काही प्रकरणं उत्सर्ग आणि उसनवारी या दोन खणांत बसत नाहीत. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या असहकारावर लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स 2012मध्ये फिनलंडमधल्या एका सभेत कॅमेऱ्यासमोरच भडकले होते. दहा वर्षांनी, मे 2022मध्ये, कंपनीने ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, चालणारा भाग खुला केला. त्याच्या वरचा मोठा भाग बंदच ठेवला. हा उत्सर्ग अर्धाच.

आणि पुरा उत्सर्ग झाला तरी गाळ कोण उपसणार, हा प्रश्न उरतोच. शास्त्रकारांनी नव्या बांधकामाइतकंच जीर्णोद्धारालाही महत्त्व दिलं, ते उगाच नाही. जून 2023मध्ये रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या पुढच्या आवृत्त्यांसाठी लिब्रेऑफिसची पॅकेजं बांधणं थांबवायचं ठरवलं, तेव्हा कोडला धक्का लागला नाही. पण तो दर आवृत्तीबरोबर जुळवून घेण्याचं पगारी काम मात्र थांबलं. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या स्वयंसेवकांनी गट करून ते अंगावर घेतलं. त्यांना तसं करण्याचा हक्क परवान्याने आधीच दिलेला होता. त्यासाठी लागणारे तास मात्र त्यांना स्वतःच्या संध्याकाळी मोडून काढावे लागले.